तिसऱ्या खुनावरच्या शिट्ट्या

सगुणाबाई पगारेला पिक्चर दाखवायला नेलं, पण आधी तिला पडद्याखाली उभं केलं. सनीभाऊंनी तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माईक तोंडाजवळ धरून सांगितलं, "माता-भगिनींनो, आज आपण जो सिनेमा बघणार आहोत, तो खरं तर ह्या माऊलीचाच सिनेमा आहे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला म्हणाला, मावशी, जरा हसा. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं. म्हणाला, नको, राहू द्या, असंच बरं दिसतंय.

सनीभाऊ म्हणजे प्रभागातले इच्छुक. नाशिकची महापालिका निवडणूक वर्षानुवर्षं लांबत गेली आणि ती जितकी लांबली तितके इच्छुक वाढत गेले. कोणी हळदीकुंकवाला पैठणीची सोडत काढली, कोणी वणीच्या देवीला बसगाड्या सोडल्या. सनीभाऊंनी महिलांसाठी सकाळचा मोफत शो ठेवला. पिक्चर कुठला, तर त्या दिवसांत सगळीकडे गाजत असलेला बदल्याचा. एका मुलीच्या भावाला तिघं जण मिळून मारतात, पोलीस हात झटकतात, आणि मग ती मुलगी एकेकाला गाठून संपवते. सातपूरच्या संबोधी कॉलनीतल्या सगुणाबाईचा पोरगा असाच मारला गेलाय, हे भाऊंना त्यांच्याच कोणा कार्यकर्त्यानं सुचवलं. भाऊंना कल्पना फार आवडली. दुसऱ्याचं दुःख आयतं मिळालं की पुढाऱ्याला वेगळी सजावट करावी लागत नाही.

सगुणाबाई ह्याआधी थेटरात गेली होती ती नवरा जिवंत असताना. माहेर इगतपुरीकडचं, लग्न होऊन सातपूरला आली. नवरा कंपनीत हेल्पर होता, काविळीत गेला. तेव्हापासून ती अंबडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. नोकरी ठेकेदाराची, ठेकेदार बदलले, पोळपाट तोच राहिला. त्या पोळपाटावर तिनं दोन लेकरं वाढवली. थोरला हर्षल पिकअप चालवायचा, धाकटी चैताली नर्सिंग शिकून एका दवाखान्यात लागली. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, त्याच्या शेजारी आता हर्षलचा. तो तिथं लावायला चैतालीनं खिळा ठोकला. सगुणाबाईचा हात उचलला नाही.

हर्षल गेला तो दोन वर्षांपूर्वी, रविवारच्या संध्याकाळी. मेडिकलच्या कोपऱ्यावर गाडीला गाडी घासली. समोर पुढच्या गल्लीतले दोघे चुलतभाऊ होते, ज्यांच्या बापांना सगळी वस्ती वचकून असायची. एवढ्याशा घासण्यावरून आधी शिवी, मग जात, मग रॉड. सगुणाबाई गिरणीवर दळण आणायला गेली होती. आरडाओरडा ऐकून धावली तेव्हा एकाच्या हातात रॉड होता आणि दुसऱ्यानं रस्त्याकडेचा पेव्हर ब्लॉक उचलला होता. हे तिनं मेडिकलच्या ट्यूबलाइटमध्ये लख्ख पाहिलं. नंतर काय पाहिलं, तर पोराचं डोकं.

आता तिसऱ्याचं. ह्या दोघा भावांच्या मागं रुद्र नावाचा एक पोरगा कायम असायचा. एका गाडीवर ट्रिपल सीट, मधे बसलेला तो. वस्तीत कोणी ह्या दोघांबद्दल बोललं तरी तोंडातून 'ते तिघं' असंच निघायचं. सिव्हिल हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हवालदारानं विचारलं, "कोण कोण होते?" उत्तर सगुणाबाईनं दिलंच नाही. तिच्या दिरानं, हिरामणनं दिलं. "कोण म्हणजे काय, साहेब. ते तिघं. ते तिघंच असतात." हवालदारानं सगुणाबाईकडं पाहिलं, तिनं मान हलवली. त्या घडीला तिला पाच नावं सांगितली असती तरी तिनं मान हलवली असती. गिरणीवरचं पीठ अजून हाताला होतं आणि त्यात रक्त मिसळून ते सुकत चाललं होतं.

तेव्हापासून तिघं आत होते. मोर्चा तिघांविरुद्ध निघाला, निवेदनं तिघांच्या नावानं गेली. सगुणाबाईसुद्धा तीनच म्हणायची. पण पोळी लाटताना डोकं रिकामं असतं. तेव्हा ती त्या कोपऱ्यावर परत जायची आणि रुद्रला शोधायची. कधी तो गाडीपाशी उभा दिसायचा, कधी हर्षलचे हात धरून, कधी मेडिकलच्या पायरीवर. ते दोघे मात्र दर वेळी जागच्या जागी असायचे. रॉडवाला डावीकडं, ब्लॉकवाला पुढं. फक्त हा तिसराच जागा बदलायचा. कँटीनमधल्या बायका म्हणायच्या, सगुणा, पोळी करपली बघ.

हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीलाही नाही.

पिक्चर सुरू झाला. पहिला खून झाला तेव्हा बायका आधी दचकल्या, मग टाळ्या पडल्या. दुसऱ्याला त्या मुलीनं गोदामात कोंडून मारलं, तेव्हा मागच्या रांगेतून शिट्टी आली. बायका शिट्टी मारतात हे सगुणाबाईला नवीन होतं. शेजारी बसलेली यशोदाबाई, कॉलनीतल्या महिला मंडळाची अध्यक्ष, जी एरवी मुंगीला पाय लागला तरी चुकचुकते, ती खुर्चीच्या कडेला येऊन म्हणत होती, "अजून हान. तोंडावर हान त्याच्या." पडद्यावरचा माणूस मारायला हिंमत लागत नाही, तिकीट लागतं. इथं तर तेही फुकट होतं.

इंटरव्हलला समोसे वाटले. कागदावर सनीभाऊंचा फोटो होता, तेल लागून भाऊंचा चेहरा पारदर्शक झाला होता.

"सगुणाताई, बरं वाटतंय ना?" यशोदाबाईनं विचारलं.

"हां."

"काळजाला गारवा येतो हो. मला तर येऊन राहिला. आणि तुझं काय, कोर्टात नुसती तारीख न् तारीख. हिनं बघ, समोसा खाईस्तोवर दोन उडवले."

मागून कोणीतरी म्हणालं, "दोन झाले, आता एक ऱ्हायला."

"त्याला लय हळूहळू मारायला पाहिजे."

तिसऱ्याची वेळ आली तेव्हा पिक्चर बनवणाऱ्यानं एक गंमत केली होती. गंमत म्हणायची तर. ती मुलगी त्या तिसऱ्याच्या घरात शिरते. तो सांगतो, मी त्या दिवशी नव्हतो, मी आईला घेऊन गावी गेलो होतो. ती ऐकत नाही. मग पडद्यावर तो दिवस परत दिसतो. एसटीच्या खिडकीशी बसलेला तो, मांडीवर आईची पिशवी. म्हणजे पोरगा खरं बोलतोय. मुलीच्या चेहऱ्यावरून असं वाटतं की तिलाही ते कळलंय. ती थोडा वेळ थांबते. आणि तरी मारते.

आणि थेटर उठलं. टाळ्या, शिट्ट्या, कोणी थाळी वाजवावी तसा खुर्चीच्या हातावर दणादण हात आपटत होतं. एसटीची ती खिडकी कोणी पाहिलीच नव्हती, किंवा पाहून सोडून दिली होती. त्यांना तीन हवे होते, तीन झाले होते.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठली. "ए, खाली बस ना, दिसत नाय," असं मागून कोणी खेकसलं. बाईनं पदर तोंडावर घेतला होता, पायऱ्यांच्या लाल दिव्यात तिची चाल दिसली आणि सगुणाबाईनं ओळखलं. ही मीना. रुद्रची आई. कोर्टाच्या व्हरांड्यात दर तारखेला ती जिन्याशी उभी असायची, पोरगा पोलीस गाडीतून उतरला की लांबूनच त्याला बघायची. दोघी कधी बोलल्या नव्हत्या. बोलणार काय. प्रभागातल्या सगळ्या बायकांना पास वाटले होते, तिलाही मिळाला असेल. पिक्चर कशावर आहे हे तिला कोणी सांगितलं नसेल. किंवा सांगितलं असेल आणि न आल्यावर बायका काय म्हणतील ह्या भीतीनं आली असेल.

पिक्चर संपला तो त्या मुलीच्या जेवणावर. हात धुते, ताट वाढून घेते, जेवते. एवढंच. शिक्षा नाही, रडणं नाही.

बाहेर आल्यावर वाद जुंपला.

"संपला व्हय असा? पुढं काय झालं तिचं?"

"काय होणार, सुटली असंल."

"पण तिसऱ्यानं काय केलतं गं? तो तर गावाला गेलता ना."

"अगं, त्यांच्यातलाच तो. आज नाय तर उद्या त्यानंबी केलंच असतं."

"तसं बघितलं तर मग माझ्या दिराला पण उडवा," एक तरुण बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हसण्यात प्रश्न वाहून गेला.

दारात एक यूट्यूबवाला माईक घेऊन उभा होता. सनीभाऊंनीच बोलावलेला. दोघी-तिघींना विचारून झाल्यावर तो सगुणाबाईकडं आला. चैताली तिला न्यायला आली होती, ती शेजारीच उभी होती.

"मावशी, तुम्ही तर ह्यातून गेलात. काय वाटलं? त्या हिरॉईनच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

सगुणाबाई म्हणाली, "तो तिसरा तिथं नव्हता ना."

"नाही, म्हणजे तो स्टोरीचा भाग झाला. तुम्हाला काय वाटलं?"

"तेच. नव्हता तो तिथं." आणि तिला रडू फुटलं.

दुपारपर्यंत व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर होता. त्यात तिचं बोलणं नव्हतं. फक्त रडणं होतं, खाली ढोल आणि मोठ्या अक्षरात 'एका आईचा आक्रोश, न्याय कधी?' शेवटी सनीभाऊंचा हात जोडलेला फोटो. हजारो लोकांनी त्याखाली लिहिलं होतं, फाशी द्या, चौकात द्या, आमच्या हवाली करा. लिहिणाऱ्यांतला एकही माणूस दोन वर्षांत कोर्टाची पायरी चढला नव्हता.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर चैतालीनं भांडी घासता घासता विचारलं. मान वर न करता.

"मम्मी, तू त्याला पाहिलंस का?"

"कोणाला?"

"तुला माहितीये कोणाला."

सगुणाबाई भिंतीला टेकून बसली. "दोघांना पाहिलं."

"आणि रुद्र?"

"आठवत नाय असं नाय, चैते. मी पाहिलाच नाय त्याला. लोक बोलले, मी मान हलवली. आता डोळे मिटले की कधी इथं दिसतो, कधी तिथं. खरा असता तर एका जागी असता ना."

चैतालीनं नळ बंद केला. "साक्ष पुढच्याच तारखेला आहे."

"म्हाईत हाय मला."

हिरामणला हे सांगावं लागलंच. तो रिक्षा चालवतो, दोन वर्षं प्रत्येक तारखेला वहिनीला स्वतःच्या रिक्षातून कोर्टात घेऊन गेलेला माणूस. पोलीस ठाण्यासमोर उपोषणाला बसला तो हाच. त्याला वाईट म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं.

"वहिनी, तुमचं डोकं ठिकाणावर नाय. पिक्चर बघून आलात न् काहीतरी मनात घेतलं."

"पिक्चरनं नाय. आधीपासूनच होतं."

"मग आधी का नाय बोलला? आता दोन वर्षांनी? ऐका माझं. तो तिथं होता हे तुम्ही नसंल पाहिलं. पण तो तिथं नव्हता, हे तरी कुठं पाहिलं तुम्ही?"

हिरामण काही चुकीचं बोलत नव्हता. "नाय पाहिलं," सगुणाबाई म्हणाली. "म्हणून तेवढंच सांगणार. पाहिला नाय."

"आणि त्या एका शब्दावर ते दोघं सुटले तर? हर्षलला मी खांद्यावर घेऊन फिरलोय, वहिनी. लक्षात ठेवा. ते दोघं सुटले तर मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाय."

सरकारी वकील मॅडमनी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. बाई सरळ होत्या, हातात फायलींचा ढीग, चष्मा कपाळावर. "मी तुम्हाला खोटं सांगा असं कधीच म्हणणार नाही. जे पाहिलं तेच सांगायचं. पण काय होणार तेही ऐकून ठेवा. जबाबात तीन नावं आहेत. तुम्ही दोन म्हणालात की मला तुम्हाला फितूर ठरवून प्रश्न विचारावे लागतील. आणि त्या दोघांचे वकील म्हणतील, जी बाई एका माणसाबद्दल खोटं बोलली, ती दोघांबद्दल खरं कशावरून बोलते?"

"फितूर म्हणजे मी पलटले असं?"

"कोर्टाच्या भाषेत."

"आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत काही वेगळं म्हणतात का, मॅडम?"

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्या जबाबाची फाइल उघडली.

तारखेला हिरामणनं रिक्षा आणली, पण वाटेत तोंड उघडलं नाही. सीबीएस स्टँडजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हासुद्धा आरशातून एकदा पाहिलं, तेवढंच. कोर्टात कॉलनीतली मंडळी आली होती. सनीभाऊंचे दोन कार्यकर्ते मोबाइल सरसावून बाहेर थांबले होते. मीना जिन्याशी तिच्या नेहमीच्या जागी.

सगुणाबाईनं शपथ घेतली. गिरणी सांगितली, मेडिकल सांगितलं, रॉड सांगितला, ब्लॉक सांगितला. दोघा भावांकडं बोट केलं. बोट हललं नाही. मग मॅडमनी विचारलं, "आणखी कोण होतं?"

पिंजऱ्यात रुद्र उभा होता. दाढी वाढलेली, आधीपेक्षा निम्मा झालेला. सगुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्याबद्दल तिला माया वाटली नाही. ज्यांनी तिच्या पोराला मारलं त्यांच्या गाडीवर बसून फिरणारा हा पोरगा, त्यांच्या शिव्यांवर हसणारा. त्याच्यासाठी तिच्या मनात एक घोट पाणी नव्हतं. हे तिनं स्वतःला नीट तपासून पाहिलं.

"आणखी कोणाला मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

मागच्या बाकावर हिरामण उठला आणि बाहेर गेला.

पुढं जे मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं. तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलं का? हो, ते एक नाव मी न पाहता मानलं. म्हणजे तुम्ही खोटं बोलता? तेव्हा बोलले. मग आता खरं बोलता हे कशावरून? भावांचे वकील तिच्याभोवती फिरत राहिले, तेच तेच उलटंपालटं करून विचारत राहिले. "तुमच्या घराण्याचं आणि ह्यांचं आधीपासून वाकडं होतं ना?" "तुम्हाला सरकारी मदत मिळाली ना?" दर वेळी ती म्हणायची, "दोघांना मी पाहिलं, साहेब. रॉडवाला डावीकडं होता." आवाज बसला तरी म्हणत राहिली. न्यायाधीशांनी तिला पाणी द्यायला सांगितलं.

बाहेर येईस्तोवर बातमी कॉलनीत पोचली होती. फितूर. कोर्टाचा शब्द कोर्टातच राहिला असता तर चाललं असतं, पण तो रस्त्यावर आला की त्याला दात येतात. यशोदाबाईनं महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'काही लोक स्वतःच्या रक्ताचा सौदा करतात.' नाव लिहिलं नाही, लिहायची गरजही नव्हती. पाण्याच्या टँकरवर एक बाई दुसरीला म्हणाली, "घर बांधायला काढणार म्हणे आता." सगुणाबाईचं घर पत्र्याचं आहे, आजही आहे. ज्यांनी थेटरात तिच्या नावानं टाळ्या वाजवल्या, त्यांनी तिला विचारलंसुद्धा नाही की बाई, तू काय पाहिलंस. पडद्यावर निर्दोष पोराला मारणारी पोरगी त्यांना वाघीण वाटली. आपल्या गल्लीत एका पोराला न मारणारी आई त्यांना विकली गेलेली वाटली. ह्यावर वाद घालायला बसलं तर तोंडाला फेस येईल, म्हणून सगुणाबाई घालत नाही.

रुद्रला जामीन मिळाला. तो आला त्या दुपारी पुढच्या गल्लीत फटाके वाजले, मोठा फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुक म्हणून सनीभाऊ होते. मतं तिकडंही होती. त्याच साक्षीचा आधार घेऊन दोघा भावांनीही अर्ज टाकला. तो फेटाळला, त्यांनी वर टाकला, तो पडून आहे. निकाल कधी लागेल कोणी सांगत नाही. मॅडम म्हणतात, तुमची साक्ष दोघांबद्दल टिकू शकते. टिकेल म्हणत नाहीत.

हिरामण बोलत नाही. तारखेला सगुणाबाई आता सिटीबसनं जाते.

मीना तिला भेटली ती सातपूरच्या बाजारात, मेथीच्या ढिगापाशी. दोघींचे हात एकाच जुडीवर गेले आणि दोघींनीही मागं घेतले. सगुणाबाईला वाटलं, ही आता काही बोलेल. खोटं कशाला सांगा, तिला थोडी आशा होती. सगळ्या जगानं शिव्या घातल्यावर माणसाला एका तोंडून तरी बरा शब्द हवा असतो.

मीना बोलली, पण हळू आवाजात, भाजीवालीला ऐकू जाऊ नये असं.

"माझा पोरगा दोन वर्षं आत होता. आता रात्रीचा उठून दाराशी बसतो. तुम्हाला तेव्हा तोंड नव्हतं का?"

सगुणाबाईजवळ सांगायला पुष्कळ होतं. सिव्हिलचा कॉरिडॉर होता, हाताला सुकलेलं पीठ होतं, तुटलेला दीर होता, दोघं सुटायची भीती होती. तिनं त्यातलं काहीच काढलं नाही.

"नव्हतं," ती म्हणाली.

मीना मेथी न घेताच पुढं गेली. सगुणाबाई तिथंच उभी राहिली. भाजीवाली म्हणाली, "ताई, घेताय का बाजूला होताय? मागं गिऱ्हाईक थांबलंय."

ती बाजूला झाली.